भिंतीकडे तोंड केलेला नकाशा

मित्रांनो, मी यवतमाळ जिल्ह्याचा एक जुना नकाशा आहे. तुमच्याशी बोलताना माझे तोंड भिंतीकडे आहे, त्यामुळे आवाज दबलेला वाटला तर समजून घ्या. ही शिक्षा नाही. माझी पाठ पांढरी आहे, एवढाच माझा दोष.

माझा जन्म नागपूरच्या एका छापखान्यात झाला. जाड कागदावर मला छापले, मागून मांजरपाटाचे पांढरे कापड चिकटवले, वर-खाली लाकडी दांड्या ठोकल्या. पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, मध्ये जंगलाचा हिरवा रंग. मग गुंडाळी करून एस.टी.च्या टपावर टाकले आणि मी पांढरकवड्याच्या या मुलांच्या शाळेत उतरलो.

भूगोलाचे पुंडलिक सर दर जूनमध्ये मला पाचवीच्या वर्गात नेत. त्यांची एक रीत होती. प्रत्येक मुलाने पुढे यायचे, माझ्यावरच्या आपल्या गावावर बोट ठेवायचे आणि नाव मोठ्याने सांगायचे. पुस्तक त्यानंतरच उघडायचे. इतकी बोटे टेकली की शेजारचे केळापूर पार पांढरे पडले, पण त्या झिजण्याचे मला कधी वाईट वाटले नाही. एखाद्याचे गाव माझ्यावर छापलेलेच नसले, तर सर त्याला दिशा आणि अंतर विचारून जागा शोधत आणि त्याच्याच हातात पेन्सिल देत. तो स्वतः ठिपका काढी.

धम्मरत्नने असाच ठिपका काढला होता. झरी जामणीकडे जंगलाला लागून मोहबोडी नावाची त्याची लहानशी वस्ती. तो इथे वसतिगृहात राहायचा. मधल्या सुट्टीत येऊन ठिपका बघून जायचा, घरी जाऊन आल्यासारखा.

तो सातवीत असताना शाळेत प्रोजेक्टर आला. भिंतीला ओल होती, पोपडे निघत होते. विज्ञानाच्या किसनसिंग सरांना पडदा हवा होता आणि त्यांना माझी पाठ दिसली. मला उलटे टांगले गेले. तेव्हापासून माझ्या पाठीवर विजेची मंडले आणि बेडकाचे हृदय पडते. पंखा लागला की मी हलतो आणि माझा चेहरा पोपड्यांवर घासला जातो. इतिहास-भूगोलाचा तासही बहुतेक वेळा विज्ञानालाच जातो.

"पुंडलिक सर, तुमचं काय, पोरं घरी वाचून घेतीन," किसनसिंग सर म्हणतात. पुंडलिक सर खडू खिशात टाकून निघून जातात. मला दोघांचाही राग येतो. पण भिंतीला नाक लावून कोणावर रागावणार?

धम्मरत्न दहावी चांगल्या गुणांनी पास झाला. गुणपत्रिका घ्यायला सगळा वर्ग जमला तेव्हा तो म्हणाला, मी कला शाखा घेणार, भूगोल शिकणार. त्याच्या बाकावरचा ऋतिक म्हणाला, "टिपेश्वरच्या जंगलातल्या वाघाले भूगोल शिकवशीन काय बे?" वर्ग हसला. किसनसिंग सर हसले नाहीत. त्यांना मुलाची खरेच काळजी वाटली आणि त्यांनी त्याच्या आईला, तुळसाबाईंना, शाळेत बोलावून घेतले. याच खोलीत. पुंडलिक सरही होते.

"बाई, पोरगा हुशार हाये. आर्ट्स ढ पोरं घेतात. त्याले सायन्स घेऊ द्या."

"काहून रे? त्या भूगोलात असं काय हाये?" तुळसाबाईंनी मुलाला विचारले.

"थांब माय, दाखवतो."

तो बाकावर चढला. त्याने मला उतरवले आणि सरळ केले. किती दिवसांनी तोंडावर उजेड पडला! मी पाहिले, त्याला मिसरूड फुटले होते. त्याचे बोट थेट जंगलावर आले.

"हे पाय, आपलं मोहबोडी..."

बोट थांबले. ठिपका नव्हता. होता तो नुसता खरवडलेला हिरवा रंग. त्याने बोट वर नेले, खाली आणले. पुंडलिक सर चष्मा लावून वाकले. तुळसाबाई पुढे येऊन माझ्याकडे पाहू लागल्या.

"ज्या कागदावर आपलं गावच नाही, बाप्पा, तो शिकून तू काय करशीन?"

तो टोमणा नव्हता. त्या खरेच विचारत होत्या.

"होतं, बाई. मी पाह्यलं होतं," पुंडलिक सर म्हणाले. पण 'होतं' एवढ्यावर कोणत्या आईचे समाधान होईल? याच शाळेत अकरावीला विज्ञान शाखा ठरली. माझ्या अंगावर जिल्ह्याची एवढी गावे आहेत, पण तेव्हा एका शब्दाने साक्ष देणे मला जमले नाही.

मला पुन्हा टांगण्याआधी धम्मरत्नने खिशातले निळे पेन काढले. पुंडलिक सरांनी पाचवीत विचारले होते तसेच विचारले, "कोणत्या बाजूले?"

"जामणीहून उगवतीले, सर."

"किती दूर?"

"पायी गेलं तं अर्धा दिवस."

त्याने ठिपका काढला. पेन इतके दाबले की ते कागद फोडून कापडात उतरले. मग त्यानेच मला उलटे टांगले.

आता प्रत्येक विज्ञानाच्या तासाला माझ्या पाठीवर एक निळा ठिपका उमटतो. कधी तो बेडकाच्या हृदयात असतो, कधी विजेच्या तारेवर. किसनसिंग सर डाग समजून फडक्याने घासतात, तो जात नाही, वर्ग हसतो. त्यात धम्मरत्नचे हसू मला कधी ऐकू आलेले नाही.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत असा एखादा पांढरा पडदा असेल, तर तो एकदा उलटून पाहा. तुमचे गाव दिसले तर त्यावर बोट ठेवा. नसले तर ठिपका काढा. फक्त पेन्सिलीने काढू नका.