मातामायची कातडी

मातामाय देवीच्या पाराभोवती अख्खं गाव गोळा झालं होतं. मुखरू भगतानं चिमट्यात धरलेली कातडी उंच केली. फिकट, मऊ, लवलवती. तिच्यात मातामायचे डोळे, नाक, ओठ उलटे उमटलेले. त्यानं ती जाळावरून झर्रकन फिरवली. कातडीला काहीच झालं नाही. माणसांनी हात जोडले.

"माय सोलली हिनं," मुखरू गरजला. "मायची कातडी जळत नाई. हिची पाहा, कशी सुटून राह्यली."

समोर उभ्या रिनानं हात पदरात लपवले. बोटं लाल, सुजलेली, सालपटं निघालेली. जत्रेत विकायला प्लास्टरच्या मूर्ती कराव्यात म्हणून तिनं दगडी मुखावर सिलिकॉन रबर ओतून साचा काढला होता. आजवर जत्रेत मूर्ती फक्त मुखरू विकायचा.

बाजूला कढईत तेल उकळत होतं. मुखरूनं तिकडं बोट केलं.

"खरी असशील तं घाल हात. मायनं माफ केलं तं फोड येनार नाई."

"घाल वं पोरी," सासू सुगंधाबाई पुटपुटली. "नाईतं गावात राहू देनार नाईत आपल्याले." रिनाचं पाऊल कढईकडं पडलं.

तेवढ्यात शाळेतल्या दिव्यानी मॅडम रिनाच्या घरून दुसरा साचा घेऊन धावत आल्या.

"मुखरूभाऊ, ही कोणाची कातडी?"

मॅडमनीच साचा उंच करून सगळ्यांना दाखवला.

"कारल्याची. रिनानं शिकताना काढली. कारल्यात कोणती देवी बसली होती?"

कुणीतरी हसलं, आणि घाबरून थांबलं. मॅडमनी साचा जाळावरून फिरवला. तोही जळला नाही.

"आता थोडा वेळ धरते. मागं सरा, धूर नाकात घेऊ नका."

कड पेटली, पांढरी पडली, राख होऊन गळली.

"रबर आहे, बाप्पा. आच सोसते म्हणून लगेच पेटत नाही. आणि हिचे हात? रबर घट्ट व्हायला त्यात औषध मिसळतात. ते हिनं बंद खोलीत, उघड्या बोटांनी ढवळलं, म्हणून कातडी सुटली. हातमोजे घाला, असं बाटलीवरच छापलंय."

"मंग माय सोलली नाई?" सुगंधाबाईनं विचारलं.

"हात लावून पाहा ना."

म्हातारी पारावर चढली. तिनं दगडाच्या गालावरून, कपाळावरून बोटं फिरवली. कुठं ओरखडा नव्हता. मग खाली उतरून तिनं कढईखालची जळती लाकडं एकेक ओढून काढली. मुखरूकडं पाहिलंही नाही.

मॅडमसोबत दवाखान्याला जातानाही रिनानं हात पदरातच ठेवले होते.

रबर ओतताना खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, अशा साच्यात खायचं काही ओतू नका. इतकं साधं आहे ते. आणि बाईचे हात सोलले, तर आधी तिला डॉक्टरकडं न्या. तेल तापवणाऱ्याला मात्र तिथंच उभं करून विचारा, काऊन तापवलं?