आत्याच्या सलूनमधली आरोळी

टिकली आठ वर्षांची. बोलायची मोजकं, पण आरोळी अशी ठोकायची की रस्त्यावरचा माणूस सायकलवरून उतरून बघायचा. हिची वाढ इतर मुलांपेक्षा वेगळ्या तऱ्हेने होतेय, असं डॉक्टर म्हणाले होते. शाळेतले म्हणायचे, हट्ट. शेजारी म्हणायचे, लाड. ती मधेच का ओरडते, हे कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नव्हतं.

तिच्या आईला नोकरी लागली आणि टिकली दुपारची आत्याकडे येऊ लागली. आत्या आणि काकांचं केस कापायचं दुकान होतं. आत्याची कात्री आणि जीभ दोन्ही भराभर चालायच्या.

पहिल्याच दिवशी बँकेचे मॅनेजर मिशा कोरून घ्यायला बसले होते. पलीकडे काकांनी एका बाईंचे केस वाळवायला ड्रायर उचलला.

"हाऽऽप!" टिकली ओरडली.

आत्याचा हात सटकला. अर्धी मिशी जमिनीवर.

"अहो, हे काय केलंत?"

"आता दुसरी बाजू उडवावी लागेल," आत्या म्हणाली. "ती फुकटात."

मॅनेजर गुळगुळीत होऊन घरी गेले. बायकोने म्हणे दारातच विचारलं, कोण हवंय?

"पोरीला गप्प बसायला शिकव," काका वैतागले.

"तुम्हाला घोरू नका म्हटलं, तर थांबता का?"

आत्याने तिला लिमलेटची गोळी देऊन पाहिली. टिकलीने गोळी खाल्ली आणि ओरडली. मग आत्या नुसती बघत राहिली. काकांचा हात ड्रायरकडे गेला की टिकलीचे खांदे वर चढायचे, तळवे कानांवर जायचे आणि मग आरोळी. ती घरघर तिला सोसत नव्हती. ती यायच्या आत पोरगी स्वतःच्या आवाजाने तिला बुडवून टाकत होती.

दुसरी आरोळी मात्र निराळी होती. केसांची बट जमिनीवर पडली की टिकली चवड्यांवर उभी राहायची, बोटं फडफडवायची आणि तस्संच "हाऽऽप!" करायची. तेव्हा डोळे हसत असायचे.

"ड्रायर लावण्याआधी तिला सांगायचं," आत्याने काकांना बजावलं. "बटण तीच दाबेल."

"म्हणजे मी आता परवानगी मागायची?"

"मला कधी मागितली नाहीत, निदान तिला तरी मागा."

टिकली कानांवर जाड हेडफोन चढवून बटण दाबू लागली. भीतीची आरोळी बरीच कमी झाली. दमलेली असली की अजून यायची. खुशीची आत्याने थांबवलीच नाही. ती गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवायची, "बट पडताना तोफ उडेल. दचकू नका, मी कात्री लांब धरते."

एके दिवशी निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. गुडघ्यापर्यंत पांढरी वेणी, तीच कापायची होती. पण आत्या सांगायला विसरली. वेणी धप्पकन पडली आणि टिकली चवड्यांवर गेली.

"हाऽऽप!"

बाई खुर्चीत उडाल्या. "काय झालं हिला?"

"आनंद झाला."

बाईंनी आरशात पाहिलं, मोकळी मान डावीउजवीकडे फिरवली. "मलाही झालाय," त्या म्हणाल्या. "जन्मभर पोरांना शांत बसा, शांत बसा म्हणत आले मी." त्यांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले. "हाऽऽऽप!"

काकांच्या हातून कंगवा पडला. टिकली बाईंजवळ गेली, त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "परत."

बाई परत ओरडल्या.