बिनफटीची डबी

इनोमातामिस्त्रींचा हात असा, की त्यांनी पत्र्याला पत्रा जोडला तर मधून हवेनंही परवानगी मागून जावं. जपानातल्या एका बंद पडलेल्या अणुभट्टीत पाइपांवर पत्रा चढवण्याचं त्यांचं काम. छातीच्या खिशातलं डोसीमीटर अंगावर आलेली किरणं मोजायचं. वर्षाची मर्यादा भरली, की माणूस घरी. घरी बसायला कुणालाच परवडत नव्हतं. टोळीनं गळ घातली आणि मिस्त्रींनी सगळ्यांना, आकडा कमी दिसावा म्हणून, डोसीमीटर झाकायला शिशाच्या डब्या करून दिल्या.

टोळीतल्या साकुमाची डबी घाईत झाली, कोपऱ्यात वाकडी.

"काय मिस्त्री, म्हातारे झालात! ह्यातून माशी जाईल."

"जाईल ती मरूनच बाहेर येईल. घे मुकाट्यानं."

स्वतःच्या डबीवर मात्र मिस्त्रींनी दोन रविवार घालवले. वर्षअखेरीस अख्ख्या टोळीत त्यांचा आकडा सर्वांत कमी. सकाळची कवायत संपल्यावर ठेकेदारानं सर्वांसमक्ष त्यांना 'आदर्श सुरक्षित कामगार' म्हणून टॉवेल दिला. टॉवेल चांगला निघाला. अजून टिकलाय.

सहा वर्षांनी मिस्त्री आणि साकुमा दोघांनाही रक्ताचा कर्करोग झाला. इस्पितळात खाटा शेजारी-शेजारी. आजार कामामुळेच झाला असं कामगार कचेरीनं मानलं, तर मागे बायकोला निवृत्तिवेतन मिळणार होतं. साकुमाचा अर्ज मंजूर झाला. आज मिस्त्रींच्या अर्जाचं उत्तर घेऊन त्यांची बायको फुसाए आली.

"नामंजूर. एवढ्याशा किरणांनी हा आजार होत नाही म्हणे."

"डबीचं सांगितलंस?"

"सांगितलं. साहेब म्हणाले, दाखवा. दाखवली."

"मग?"

"उलटीपालटी करून बघितली. म्हणाले, काम फार सुंदर आहे. पण किती किरणं अडवली, हे डबी थोडीच सांगणार?"

मिस्त्री काहीच बोलले नाहीत. कौतुक ऐकल्यावर ते नेहमी असेच गप्प होत.

पलीकडच्या खाटेवरून साकुमा म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या त्या वाकड्या कोपऱ्यानं मला तारलं हो." मग जरा थांबून, "म्हणजे, बायकोला."

"साकुमा, झोप आता."

फुसाएनं पिशवीतून डबी काढून त्यांच्या हातात दिली. मिस्त्रींनी चष्मा लावला आणि कडेकडेनं नख फिरवत जोड शोधू लागले. फुसाए घरी जायला उठली तरी तो सापडला नव्हता.