लाल दिव्याची डबी

खुशबूच्या हातात माईक आला की ही पोरगी कोणाला आवरत नसे. दहावीत गेल्यापासून शाळेचा एकही कार्यक्रम तिच्याशिवाय झाला नव्हता. आज तर खाणीच्या मैदानावर मांडव, सरकारी प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ, एक कारखानदार, आणि सूत्रसंचालन तिचं.

कार्यक्रम एका डबीचा होता. जमिनीखालच्या खाणीत ही डबी छताला लावायची. छत केसभर सरकलं की तिच्यातला लाल दिवा लागे. वर्षभर चाचणीसाठी अशा सात डब्या मुखरूभाऊंच्या, म्हणजे खुशबूच्या बाबांच्याच कामाच्या जागी होत्या. त्याआधी बाबा काठीनं छत ठोकून आवाज ऐकत. घट्ट दगड खणखणतो, सुटलेला भदभदतो. पण बाबांचा डावा कान गेला होता आणि उजवाही जायला लागला होता. हे एकट्या खुशबूला माहीत होतं.

"सायबाले कळलं त मले वरतं झाडू माराले बसवतीन," बाबा म्हणाले होते. "डबी हाय नं. डोये त शाबूत हायेत माये."

करारावर सह्या झाल्या. फाईल कारखानदाराच्या हाती गेली. प्रयोगशाळेचं संशोधन आता उद्योगाचं झालं, असं खुशबूनंच ठसक्यात जाहीर केलं आणि टाळ्याही घेतल्या. तेवढ्यात खाणीतले सुपरवायझर गुणवंतराव एक खोका घेऊन स्टेजपाशी आले. खोक्यात सातही डब्या.

तिनं माईक बाजूला धरला. "काका, ह्या काऊन काढल्या?"

"चाचणी संपली नं पोरी. आता कारखान्यात नव्या बनतीन, मंजुरी येईन, टेंडर निंगन, मंग लागतीन."

"कधी?"

"दोन वर्सं. तीनबी."

"तवरीक?"

"तवरीक काठी. काठीवरच त आपला जनम गेला."

खुशबूनं सरळ माईकवरच विचारलं, "सर, नव्या येईपर्यंत जुन्या इथेच राहू द्याल का?"

शास्त्रज्ञ उठून उभे राहिले. "बाळ, मलाही तेच वाटतं. पण नमुनेसुद्धा करारात गेले. माझ्या हातात काही उरलं नाही." मग त्यांनी विचारलं, "तुझं कोणी खाली काम करतं का?"

सगळा मांडव तिच्याकडे बघू लागला. एक वाक्य बोलायचं होतं. तिसऱ्या रांगेत बाबा बसले होते. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण तिचा चेहरा त्यांनी वाचला असावा. त्यांनी हळूच मान हलवली. नको.

"बाबा करतात," ती म्हणाली. पुढचं वाक्य ओठांशी आलं आणि तिथंच राहिलं. "आता आभारप्रदर्शन."

खाली उतरल्यावर शास्त्रज्ञांनी खिशातला पेन काढून तिला दिला. छान बोलतेस, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला बाबा निघाले. कोपऱ्यातली जुनी काठी त्यांनी पुसून घेतली होती. जेवणाचा डबा ओट्यावरच राहिला.

"बाबा, डबा."

ते फाटकाबाहेर पडले.

"बाबा."

ते चालतच राहिले. खुशबू पळत गेली, वळसा घालून त्यांच्या पुढ्यात उभी राहिली आणि डबा हातात दिला.

"आवाज द्याचा नं पोरी," बाबा हसून म्हणाले.



"इसरली," खुशबू म्हणाली.