विरळणी

धोंडीरामांच्या नातीला, ऋतुजाला, पहिला मुलगा झाला ते साल २०२१. त्याच वर्षी मंद्रूपचं रान वाट्यानं लावून धोंडीराम सोलापुरात लेकाकडं राहायला आले. आणि त्याच पावसाळ्यात विजापूर रोडमागच्या त्यांच्या वसाहतीनं कचऱ्याच्या जागेत जंगल लावलं. जागा जेमतेम गुंठाभर. त्यात कडुनिंब, करंज, पळस, आपटा, बोर अशी तीनशे रोपं, एकमेकांना खेटून. हे उभं केलं अंगणवाडीच्या केसरबाईंनी, घरोघरी फिरून, माणसं गोळा करून.

लागवडीच्या दिवशी धोंडीराम बारशाला गेले होते. केसरबाईंनी सगळ्यांना समजावून सांगितलेलं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी सकाळी फिरताना त्यांनी ती दाटी पाहिली आणि त्यांना राहवेना. ज्वारीसुद्धा कोणी अशी ठेवत नाही. साठ वर्षं विरळणी केलेला माणूस तो. धोतर खोचून बसले आणि दोन-दोन हातांच्या अंतरावर एक रोप ठेवून बाकीची उपटत गेले. सात वाजता दोनशे रोपांच्या जुड्या कडेला रचून ते उभे राहिले, तेवढ्यात केसरबाई बादली घेऊन आल्या.

"या या बाई. बघा की, कसं मोकळं झालं! आता जोमानं वाढतील."

केसरबाईंच्या हातून बादली सुटली.

"आजोबा, हे कुणी केलं?"

"मीच की. ह्या पोरास्नी विरळणी कुटं येतीया?"

केसरबाई चिखलातच बसल्या. "अवो, दाटच ठेवायची होती ती! दाटीत उजेडासाठी झाडं झपाझप वर जातात, खाली सावली धरतात. म्हणून तर जंगल होतं!"

धोंडीराम आपल्या हातांकडं बघत राहिले. या हातांनी जन्मात चुकीचं रोप उपटलं नव्हतं.

"नुसतं काय बघताय?" केसरबाई ताडकन उठल्या. "ऊन चढलं की सगळी मरतील. तुम्ही उपटलीत, तुम्हीच लावा!"

"व्हय, व्हय."

नळाला पाच दिवसांनी पाणी यायचं, ते उद्या. केसरबाईंच्या लेकीनं, राजश्रीनं, दारं ठोठावली. लोक आले, बघून सुन्न झाले आणि पुन्हा घरात जाऊन पिण्याच्या पाण्याच्या घागरी घेऊन आले. शेजारच्या सुंदरम्मा डोक्यावरचा पदर घट्ट ओढत म्हणाल्या, "आजोबा, माझे केस तेवढे विरळ करू नका!" कोणी हसलं, कोणी नाही. दहाच्या आत शेवटचं रोप मातीत गेलं.

"आता रोज पाणी तुम्हीच घालायचं," केसरबाईंनी बजावलं. "आणि एक पानही तोडायचं नाही."

उपटलेल्यांतली निम्मी जगली. दीड वर्षात झाडं धोंडीरामांच्या डोक्यावर गेली. केसरबाई रोज साडेसहाला येऊन तपासून जायच्या.

एके दिवशी सकाळी धोंडीराम लवकरच येऊन थांबले. उपटून पुन्हा लावलेल्या एका आपट्यावर बुलबुलानं घरटं केलं होतं, ते बाईंना दाखवायचं होतं. सात वाजले, साडेसात झाले. आदल्या दिवशी, चौदा एप्रिलच्या जयंतीला, पांढरी साडी नेसून बाई मिरवणुकीत शेवटपर्यंत चालल्या होत्या. दमल्या असतील, असं त्यांना वाटलं.

राजश्री अनवाणी आली. "आजोबा, आई गेली."

"कुटं गेली?"

तिनं मान हलवली. धोंडीरामांनी बादली खाली ठेवली. "मी म्हातारा हितं असताना?" एवढंच ते बोलले.

केसरबाई १५ एप्रिल २०२३ रोजी पहाटे हृदयविकारानं वारल्या. त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या.