सीताफळ आणि शेरवानी

"हलू नका मालक, काटा हलतो," तोलारी दत्तोबा म्हणाला.

बेगम बाजारातल्या मिरचीच्या वखारीत नरहरपंत पोती तोलायच्या काट्यावर मांडी घालून बसले होते. एका पारड्यात लोखंडी वजनं आणि दुसऱ्यात माल खात्याचे हेडक्लार्क. मिरचीच्या खाटामुळे त्यांना शिंक आली आणि दोन्ही पारडी झुलली. दत्तोबानं वजनांवर आणखी एक शेर चढवला, मग आणखी एक.

"दोन मण अकरा शेर."

"अन् मागच्या महिन्यात?"

"नऊ होते."

"तुझा काटा तपास आधी!"

"काटा बराबर आहे मालक. मिरचीनं आजवर तक्रार नाही केली."

नरहरपंत खाली उतरले. महिनाभर त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला होता, भाताकडे पाठ फिरवली होती, दसऱ्याच्या पुरणपोळीला नुसता नमस्कार केला होता. एवढ्या तपश्चर्येनंतर वजन दोन शेरांनी वाढलं म्हणजे देवाच्या घरीसुद्धा अंधेर नगरीच म्हणायची.

"खाता तरी काय?" दत्तोबानं विचारलं.

"दोन फुलके अन् पालेभाजी. दुपारी सीताफळ."

"किती?"

"दोन. मोठी असली तर दोन. नाहीतर चार."

दत्तोबानं कान खाजवला. "मग मालक, ते सीताफळ कुठं जातं?"

"फळ आहे ते! एकादशीला चालतं!"

नरहरपंतांच्या घरात तीन पिढ्या फळाला कुणी खाण्यात धरलं नव्हतं. दहा केळी खाल्लेला माणूसही संध्याकाळी "आज कडक उपास" असं सांगू शकत होता. जे उपासाला चालतं ते अंगाला लागेलच कसं, या भरवशावर त्यांचा सगळा कारभार चालला होता.

आणि हा सगळा खटाटोप एका शेरवानीसाठी होता. फसली तेराशे बेचाळीसमध्ये, म्हणजे इंग्रजी बत्तीस साली, नरहरपंत आणि परभणीचे एकनाथराव एकाच दिवशी महसुलाच्या माल खात्यात नोकरीला लागले. दफ्तरात शेरवानी सक्तीची, म्हणून दोघांनी कापडाचं एक थान विकत घेऊन गफूरमियाँ शिंप्याकडून दोन शेरवान्या शिवून घेतल्या. चोवीस वर्षं दोघांची टेबलं शेजारी शेजारी राहिली. आता एक नोव्हेंबरला जुन्या निजामी राज्याचे भाषेवरून तीन तुकडे व्हायचे होते. नरहरपंत इथेच आंध्रात राहणार आणि एकनाथराव मुंबई राज्यात जाणार. शेवटच्या दिवशी त्याच शेरवान्या घालून फोटो काढायचा, असं दोघांचं ठरलं होतं. पण नरहरपंतांची बटणं आणि काजं चार बोटं लांबून एकमेकांकडे बघत होती.

त्या दुपारी दफ्तरात एकनाथरावांनी नेहमीप्रमाणे खणातून वर्तमानपत्राची पुडी काढली. मलकपेठेतल्या त्यांच्या भाड्याच्या घराच्या अंगणातली दोन सीताफळं, डोळे उघडलेली, हात लावला की फुटतील अशी.

"आज नक्को," नरहरपंत म्हणाले. "दोन शेर वाढलो."

"फळानं कधी वजन वाढतं का?"

हेच एकनाथराव महिनाभर म्हणत होते आणि नरहरपंत आनंदानं ऐकत होते. आज मात्र त्यांनी मित्राकडे नीट पाहिलं. एके काळी एकनाथराव दोघांमध्ये जाडे होते. तीन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला आणि माणूस निम्मा झाला.

"एकनाथ, तुझा डॉक्टर काय म्हणतो फळाबद्दल?"

एकनाथरावांनी पुडीचा कागद उगीच सरळ केला.

"म्हणतो, फळ चांगलंच. पण हिशोबानं. साखर हलवायाची असो की झाडाची, पोटात गेली की साखरच. त्यात सीताफळ तर फार गोड."

"हे तुला ठाऊक होतं?"

"हौ."

"अरे, मग महिनाभर मला कायको खाऊ घातलंस?"

"झाड लदलंय, नरहर. घरची मंडळी परभणीला गेली. मला तर हात लावायची सोय नाही." एकनाथराव खिडकीकडे बघत बोलत होते. "तू खातोस तेव्हा डोळे मिटतोस. एकेक बी सावकाश काढतोस. बघून मलाच गोड लागतं. पुढच्या साली हे कुठून बघू?"

नरहरपंतांना खूप रागवायचं होतं. पण त्यांनी पुडी ओढली, सीताफळ फोडलं आणि डोळे मिटून खाल्लं. नेहमीपेक्षा जरा जास्तच सावकाश.

संध्याकाळी दोघं शेरवान्या घेऊन गफूरमियाँच्या दुकानी गेले. म्हाताऱ्यानं नरहरपंतांची शिवण उलटी करून पाहिली आणि मान हलवली.

"अंदर का कपडा सब पैलेच छोड दिया था, पंत. अब कुछ नै है."

"नवा कपडा डालो."

"नवा डाले तो पैवंद दिखता, ठिगळ सरीखा. चोबीस साल की धूप कहाँ से लाऊँ मैं?"

एकनाथरावांनी आपली शेरवानी अंगात घातली. ती त्यांच्यावर दांडीवर वाळत घातल्यासारखी लोंबत होती. त्यांनी दोन्ही कुशींचं कापड चिमटीत धरलं.

"मियाँ, इसमें कितना निकलता?"

गफूरमियाँनी चष्मा वर ढकलला. "चार उंगल तो आरामसे." मग त्यांनी दोन्ही शेरवान्या दिव्याखाली एकमेकींवर ठेवल्या. रंग एकच, विटलेपणही एकच. म्हातारा लहान पोरासारखा हसला. "एकीच थान का माल है ये! मेरा हाथ का!"

"तुझी कापायची नाही, एकनाथ."

"अरे, मला मोठी होते, तुला लहान होते. सरकार राज्याची कापाकापी करू लागलंय, आपण जरा शेरवान्यांची करू."

एकतीस तारखेला फोटो निघाला. फोटोवाला "हसू नका" म्हणाला आणि दोघांनाही हसू आवरेना. गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लागली होती. दोनदा फोटोची काच फुकट गेली, तिसऱ्यांदा फोटोवाल्यानंच हात टेकले.

रात्रीच्या गाडीला काचीगुड्याच्या फलाटावर एकनाथरावांनी डब्याच्या खिडकीतून टोपली पुढे केली. झाडावरची शेवटची सीताफळं होती. नरहरपंतांनी त्यातलं एकच उचललं.

"आजपासून हिशोबानं," ते म्हणाले.

त्यांनी फळ फोडलं, गरासकट एक बी बोटावर काढली आणि खिडकीतून मित्रासमोर धरली.

"डॉक्टर?" एकनाथराव म्हणाले.

"एक बी. मी मोजलीय."

एकनाथरावांनी डोळे मिटले. बी कितीतरी वेळ तोंडात घोळवली. गाडी हलली तेव्हाही त्यांचे डोळे मिटलेलेच होते, आणि ते हसत होते. गाडीमागचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत नरहरपंत उभे राहिले. आपण रडतोय हे त्यांना हमालानं "साहेब, बाजूला" म्हटल्यावर कळलं.

घरी शांताबाई दिवाळीच्या चिवड्याला फोडणी घालत होत्या. नवरा तसाच, कपडे न बदलता, खुर्चीत बसलेला पाहून त्या बाहेर आल्या.

"अहो, ती शेरवानी काढा आता. श्वास तरी घ्या मोकळा."

नरहरपंतांनी तळहातानं कुशीची नवी शिवण चाचपली.

"असू दे," ते म्हणाले. "चांगली सैल आहे."