दहापैकी आठ

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. शर्टांच्या कारखान्यात इस्त्रीखातं माझ्या हाताखाली आहे. अकरा बायका. माझ्या पाठीमागे त्या मला फौजदार म्हणतात, म्हणेनात का. घरातही माझाच कायदा. नववीपर्यंत शिकलेली मी एकटी, त्यामुळे घरात आलेला प्रत्येक कागद माझ्याच हातात येतो. शाळेची नोटीस असो नाहीतर औषधाची चिठ्ठी, मी वाचली की विषय संपला. दुसऱ्या कुणाला विचारायला कुणी जात नाही.

त्या दिवशी सकाळी धाकटी, म्हणजे माझी सख्खी बहीण, इस्त्री फिरवता फिरवता टेबलाखाली बसली. बसली कसली, कोसळलीच. मी सवयीने ओरडले, "ऊठ गं, पुरे झाली नाटकं!" ती उठली नाही. मी वाकून बघितलं. तिचे ओठ आणि टेबलावरची पांढरी कॉलर यांत काही फरकच नव्हता.

दवाखान्यात तिची बोटं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या, जीभ सगळं बघून झालं. रक्त काढून नेलं. तासाभराने डॉक्टरीणबाई आल्या, पंचविशीच्याच असतील.

"हिमोग्लोबिन चार पॉइंट सहा आहे," त्या म्हणाल्या.

"किती लागतं?"

"बायकांना बाराच्या वर."

बाराच्या वर. तो आकडा मी आधी छापलेला बघितला होता.

तीन महिन्यांपूर्वी कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली होती आणि धाकटी तिचा कागद घेऊन माझ्याकडे आली होती. मी जेवत होते. "ताई, हे आठ पॉइंट एक म्हणजे काय गं?" मी घास चावत कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, "दहापैकी आठ! फर्स्ट क्लास. मला गणितात जन्मात एवढे पडले नाहीत." ती हसली. शेजारी बारीक अक्षरांत बारा ते पंधरा असं काहीतरी छापलेलं होतं. ते मला दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. त्याचा अर्थ लागला नाही, म्हणून सोडून दिलं. माझ्या स्वतःच्या कागदाचं तर मी पाकीटही फोडलं नाही. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा म्हणाली की चक्कर येते, जिना चढवत नाही, पाळी पंधरा पंधरा दिवस थांबत नाही, तेव्हा मी एकच सांगितलं. रिपोर्ट फर्स्ट क्लास आहे तुझा, स्वतःचे लाड नको करून घेऊस.

"याआधी कधी तपासलं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

धाकटीने उशीवरची मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले. "आठ-दहा दिवसांपूर्वीपर्यंत ठणठणीत होती."

खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि मग मागे घेता येईना. धाकटीला बोलायला दमच नव्हता.

"म्हणजे या आठ-दहा दिवसांत एकदम उतरलेलं दिसतंय," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. गर्भाशयात गाठ होती, ती काढल्याशिवाय रक्त जायचं थांबणार नव्हतं, आणि अंगात रक्त भरल्याशिवाय गाठ काढता येणार नव्हती. तीन पिशव्या लागणार होत्या. तिथला नियम असा की जेवढ्या पिशव्या न्यायच्या तेवढी रक्त देणारी माणसं आणायची. तिचा नवरा दूर कामावर गेलेला, दोन दिवसांशिवाय पोचत नव्हता.

"तीन ना?" मी म्हणाले. "पाच आणते."

आणि आणल्याच. इस्त्रीखात्यातल्या चौघी आणि पाचवी मी. रक्तपेढीत एक चष्मेवाला बसला होता. त्याच्यापुढे काचेच्या भांड्यात निळं पाणी. मोरचूद विरघळवलेलं, तो म्हणाला. बोटाला टोचून थेंब त्यात सोडायचा. रक्त देण्याजोगं असेल तर थेंब पंधरा सेकंदांत बुडतो, नसेल तर वर तरंगतो. मी बाही वर करून म्हणाले, "माझ्याकडून दोन पिशव्या घ्या. मला काही धाड भरलेली नाही."

पहिली पुढे झाली ती सगळ्यांत उंच, जिला आम्ही शिडी म्हणतो. तिचा थेंब जरा खाली गेला, थबकला आणि वर आला. "बघा, पोहायला शिकलाय माझा," शिडी म्हणाली. सगळ्या हसल्या. दुसरीचाही तरंगला. मग खात्यातल्या सगळ्यांत वयस्कर काकूंचा. चौथीचा तरंगला तेव्हा कुणी हसलं नाही.

माझाही तरंगला.

"तुमचं पाणी शिळं झालंय," मी चष्मेवाल्यावर खेकसले. "काल पहाटेपासून ढवळलं नसेल तुम्ही."

तो बिचारा शांत माणूस. त्याने एक छोटं यंत्र काढलं, माझं बोट पुन्हा टोचलं आणि आकडा माझ्याकडे वळवला. सात पॉइंट नऊ.

"कितीपैकी?" मी हळूच विचारलं.

"कितीपैकी नसतं हो ते. मार्क थोडेच आहेत?" त्याने टेबलावरचा कागदी कप उचलला. "हा शंभर मिलीलीटरचा कप. एवढ्या रक्तात तो लाल पदार्थ किती ग्रॅम आहे, ते मोजतात. श्वासातली हवा अंगभर तोच पोचवतो. तुमच्यात बारा ग्रॅम तरी हवा होता, आठसुद्धा भरत नाही. तुम्ही उभ्या कशा आहात, सांगा बघू?"

"चक्कर तर आम्हाला सगळ्यांनाच येते," काकू म्हणाल्या. "काम केलं की येतेच."

मला रडायला यायला लागलं आणि रडायला वेळ नव्हता. माझं अर्धं खातं तिथे रांगेत उभं होतं आणि एका पिशवीचीही सोय होत नव्हती. मी त्याला म्हणाले, माझं घ्या, कमी तर कमी, कुणाला सांगणार नाही मी. तो नाही म्हणाला. मी हात जोडले. तरी नाही. "तुमचं काढलं तर संध्याकाळी तुमच्यासाठी माणसं शोधावी लागतील," तो म्हणाला.

मग मी कटिंग मास्तरला फोन लावला. सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. कापड वाकडं त्याने कापायचं आणि खापर माझ्या इस्त्रीवर फोडायचं, यावरून आमचं वाजलं होतं आणि मी त्याला चारचौघांत नको नको ते बोलले होते.

"मास्तर, धाकटीला रक्त लागतंय. मी तुमच्या पाया पडते."

"पाया कशाला पडता?" तो म्हणाला. "माणसं किती आणू ते बोला."

आणखी दोघा पुरुषांना घेऊन तो वीस मिनिटांत आला. तिघांचे थेंब निळ्या पाण्यात सरळ तळाला गेले. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी संतापही आला. एकाच कारखान्यात, एकाच भोंग्यावर राबणारी आम्ही माणसं. राग कुणावर काढायचा ते मात्र कळेना. काकू आणि बाकीच्या दोघी बाकावर बसल्या होत्या. शिडी त्या भांड्याकडे बघत उभी होती.

दुपारी पहिली पिशवी लागली. रक्त एकदम उतरलंय असं धरलेलं, त्यात अजून जातच होतं, म्हणून ती भराभर चढवली. लगेच दुसरी लावली. धाकटीच्या गालांवर जरा रंग आल्यासारखा वाटला आणि मी देवाचे आभार मानतेय तोच ती खोकायला लागली. मग उठून बसायला बघू लागली. "ताई, श्वास... श्वास येत नाही गं." तिने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. छातीतून घरघर ऐकू येत होती. मी किंचाळले. नर्स धावली, डॉक्टरीणबाई धावत आल्या, नळी बंद केली, तिला उठवून बसवलं, नाकाला हवा लावली.

"असं व्हायला नको होतं," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "नीट आठवून सांगा. हा त्रास नक्की किती दिवसांचा आहे? आधी खरंच कधी तपासलं नव्हतं?"

सगळ्या वॉर्डसमोर मला ते सांगावं लागलं. मास्तर दारात उभा होता, शिडी होती, काकू होत्या.

"तपासलं होतं," मी म्हणाले. "तीन महिन्यांपूर्वी. आठ पॉइंट एक होतं. ती माझ्याकडे घेऊन आली होती. मी तिला चांगलं आहे म्हणून सांगितलं. मला वाटलं दहापैकी आहे."

बाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी इंजेक्शन भरायला सांगितलं आणि ते देता देता म्हणाल्या, "महिनोन्‌महिने कमी रक्तावर चाललं की हृदय थकून जातं हो. त्याला वरून एवढा भार झेपत नाही, फुफ्फुसांत पाणी साठतं. हे सकाळी कळलं असतं तर थेंब थेंब दिलं असतं."

तासभर मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. तो तास मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही. तिचा प्रत्येक श्वास अडकायचा आणि मी मनातल्या मनात म्हणायचे, मला ने, तिला सोड, मला ने. हळूहळू घरघर कमी झाली. तिने डोकं उशीला टेकवलं. नर्सने नळी पुन्हा सुरू केली, अगदी सावकाश.

"धाकटे," मी म्हणाले, "मी तुला मारलंच होतं गं."

तिने डोळे उघडले नाहीत. तुटक तुटक बोलली. "कळलं नव्हतं तर... कळत नाही म्हणायचं होतंस, ताई. मी मास्तरांना विचारलं असतं. कुणालाही विचारलं असतं."

"हो."

"मला खूप चक्कर यायची. मला वाटायचं मीच कामचुकार आहे."

मी तिची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

तिसरी पिशवी रात्री लागली, चार तास थेंब थेंब चालली. सकाळी पुन्हा रक्त तपासायला नेलं आणि दहाच्या सुमारास नर्सने रिपोर्ट आणून पलंगाशी धरला. मी सवयीने हात पुढे केला.

धाकटीने कागद आधी घेतला. माझ्या पुढे आलेल्या हाताकडे तिने एकदा बघितलं, आणि तो हात ओलांडून कागद परत नर्सला दिला.

"सिस्टर, तुम्हीच वाचून सांगा मला," ती म्हणाली. "नीट समजावून सांगा."

मी हात मागे घेतला, नर्सला बसायला स्टूल ओढून दिलं आणि ऐकायला पायथ्याशी जाऊन उभी राहिले.